दातांच्या डॉक्टरांचा गिअर

मी गिअर बोलतोय. हो, गिअरच. लगेच नाक मुरडू नका! तेलकट डब्यात बसून दिवसभर खडखडणारा गाडीतला गिअर वेगळा, मी वेगळा. मी दुर्बिणीचा गिअर आहे. ब्राँझचा, बशीएवढा, काठाला बारीक दाते असलेला. ज्या माउंटवर दुर्बीण बसवतात आणि जे तिला आकाशात फिरवतं, त्याच्या पोटात माझा मुक्काम असतो.

गाडीतले आमचे भाऊबंद मिनिटाला शेकड्यांनी गरगरतात आणि त्यांना वाटतं, केवढं काम केलं. मी दिवसाला एकच फेरी मारतो. एकच! कारण तुमची पृथ्वीही एकच मारते. ती एकीकडे फिरते, मी तिच्या बरोब्बर उलट, तिच्याच चालीनं. म्हणून तर दुर्बिणीत धरलेला तारा जागचा हलत नाही. पृथ्वीच्या पावलाला पाऊल मिळवून चालायचं म्हणजे सोम्यागोम्याचं काम नाही. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये म्हणतात, पण माझी वाजवायला दुसरं आहे कोण?

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथं एक कारागीर होता, चष्म्याला दोरी बांधून गळ्यात अडकवणारा. मशीनवर माझे दाते पडत होते तेव्हा वरून दुधासारखं पांढरं पाणी माझ्यावर धो धो कोसळत होतं. खाली उतरवल्यावर त्यानं मला फडक्यानं पुसलं, उजेडात धरलं आणि नखानं एकेक दात्याची कड चाचपून पाहिली. "चांगला निघालाय," एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून तेवढंही कोणाच्या वाट्याला येत नसे, हे मी शेजारच्या फळीवरच्यांकडून ऐकलं होतं.

माझ्याबरोबर जन्मलेले कुठं कुठं गेले. एक लिफ्टमध्ये गेला, एक पीठ मळायच्या यंत्रात, एक तर जत्रेतल्या पाळण्यात. मला मात्र मऊ कागदात गुंडाळलं आणि माझी जोडी लावून दिली. माझी जोडीदारीण म्हणजे एक पोलादी सळई. तिच्या अंगावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते माझ्या दात्यांत अडकून बसतात. तिनं एक अख्खी गिरकी घेतली की मी एक दाता पुढे सरकतो. एकानं धावायचं आणि दुसऱ्यानं मिरवायचं, संसारात चालतं तसंच.

आमच्या दोघांत कागदाएवढी फट ठेवलेली असते. ती लागतेच. अजिबात फट नसेल तर आम्ही एकमेकांत अडकून बसू. पण जास्त झाली की पंचाईत. सळई उलटी फिरायला लागली, की आधी ती फट ओलांडण्यातच तिचा वेळ जातो. ती फिरत असते आणि मी आपला जागच्या जागी. या मोकळिकीला कारखान्यात प्ले म्हणतात. एवढा शब्द लक्षात ठेवा, पुढे याच्यापायी रामायण घडलं.

मला विकत घेतलं दातांच्या डॉक्टरांनी. तुम्ही हसलात ना? सगळेच हसतात. पण खरं सांगतो, माझ्या दात्यांकडे इतक्या आस्थेनं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. खोका उघडल्याबरोबर त्यांनी तो लहानसा दांडीचा आरसा आणला, जो ते पेशंटच्या तोंडात घालतात, आणि मला आतून बाहेरून तपासलं. मग मान वर करून बायकोला म्हणाले, "अगं, एकही कीड नाही!"

"नशीब तुमचं," बाई म्हणाल्या. "नाहीतर त्यालाही खुर्चीत बसवला असतात."

खाली दवाखाना, वर घर आणि त्याच्यावर गच्ची, अशी त्यांची तीन मजली वस्ती. दिवसभर डॉक्टर दाढा भरायचे, बाई बाहेरच्या टेबलाशी बसून "पुढचा पेशंट" म्हणून हाक मारायच्या, संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकायच्या, आणि दिवे लागले की डॉक्टर गच्चीवर माझ्यापाशी हजर. तेव्हा मोटर नव्हती. सळईच्या टोकाला एक गोल मूठ होती, ती डॉक्टर दोन बोटांनी फिरवायचे. काय हात होता तो! लोण्यातून केस काढावा इतका हलका. मोटर बरी की डॉक्टरांचे हात बरे, असं तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी खदाखदा हसलो असतो.

दरवर्षी थंडीत ते एकाच जागी दुर्बीण लावायचे. तिथं दोन तारे आहेत, एक पिवळसर, एक निळसर, अगदी खेटून. लहान तारा मोठ्याभोवती फिरतो, पण इतका सावकाश की एक फेरी पाहायला माणसाचा जन्म पुरत नाही. डॉक्टरांचं लग्न झालं त्या वर्षापासून ते या दोघांमधलं अंतर मोजत आलेत. आधी ते वाढत होतं, मग कमी व्हायला लागलं. पाहुणे यायचे, चंद्र दाखवा म्हणायचे, शनीची कडी दाखवा म्हणायचे. डॉक्टर दाखवायचे, आणि पाहुणे जिना उतरले की पुन्हा त्या जोडीवर यायचे.

मग ती सकाळ आली. मी काही तिथं नव्हतो. बाई गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारणीला सांगत होत्या तेव्हा ऐकलं. एका पेशंटची दाढ भरताना डॉक्टरांचा हात थरथरला. पेशंटला काही झालं नाही, त्याला कळलंसुद्धा नाही. पण डॉक्टरांना कळलं. त्यांनी दाढ सावकाश पुरी केली, पेशंटला चूळ भरायला सांगितली आणि दार उघडून बाईंना म्हणाले, "पुढचा पेशंट नको."

त्यानंतर दवाखाना उघडला नाही. खुर्ची एक तरुण डॉक्टरीण घेऊन गेली. डॉक्टर बरेच दिवस गच्चीवर फिरकले नाहीत. माझ्या अंगावरचं तेल घट्ट झालं, झाकणावर कबुतरांनी काय काय केलं ते सांगत नाही. आपलं कोणी नाही असं वाटायचं. मला वाईट वाटत होतं ते स्वतःचंच नव्हे. त्या हातांचंही वाटत होतं.

थंडी सुरू झाल्यावर एकदाचे ते वर आले. मूठ धरली. दुर्बिणीत तारे नुसते नाचायला लागले. त्यांनी मूठ सोडली, खिशात हात घातले आणि बाईंना म्हणाले, "यंदाचं शेवटचं वर्ष होतं गं. पुढच्या थंडीत ते दोघे इतके जवळ येतील की या दुर्बिणीला एकच ठिपका दिसेल. पुन्हा वेगळे होतील तेव्हा आपण कुठले असायला!"

"मग यंदा पाहून घ्या की."

"कशानं पाहू? या हातांनी?"

"मोटर लावा. मिक्सरला लागते, पंख्याला लागते, तुमच्या दुर्बिणीलाच काय सोवळं आहे?"

मोटर लावायला शेजारचा लिफ्टवाला आला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, डॉक्टरांचा दोस्त, चार दाढा त्यांच्याकडूनच भरून घेतलेल्या. त्यानं मूठ काढली, मोटर बसवली, दोन बटणांचा रिमोट डॉक्टरांच्या हातात दिला आणि दुर्बिणीच्या मागे कॅमेरा लावून दिला. एक बटण तारा पुढे न्यायचं, दुसरं मागे आणायचं. फोटो लॅपटॉपवर येणार, त्यावरून अंतर मोजायचं. म्हणजे हात थरथरला तरी काही बिघडत नव्हतं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं होतं.

पण घोड्यानं पेंड खाल्लीच. तारा चौकटीच्या मधोमध आणायला डॉक्टर बटण दाबायचे, तर तारा ढिम्म. आणखी दाबलं, तरी ढिम्म. आणखी दाबलं, तर असा सुसाट पळायचा की चौकटीतून बाहेर! मग परत आणायला दुसरं बटण, पुन्हा तीच गत. जरा वारा आला तरी दुर्बीण फटीतल्या फटीत डुलायची आणि फोटोत ताऱ्याला शेपूट यायचं.

लिफ्टवाल्यानं मला दोन्ही हातांनी धरून हलवलं. टक टक आवाज आला. "प्ले आहे डॉक्टर," तो म्हणाला. "गिअर झाला म्हातारा. नवा टाकू."

म्हातारा! मी! इतकी वर्षं दिवसाला एक फेरी मारणाऱ्याला म्हातारा म्हणतो हा! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मला तोंड असतं तर त्याच्या भरलेल्या दाढा मोजून दाखवल्या असत्या.

डॉक्टर मात्र म्हणाले, "उठसूट दात उपटायचा नसतो. आधी उपचार करून बघू." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

पहिला उपचार लिफ्टवाल्याचाच. दुपारच्या उन्हात त्यानं स्क्रू सैल केले, सळई माझ्या अंगावर दाबली आणि स्क्रू आवळले. फट गेली, टक टक गेली. दोघे खूश. संध्याकाळी गारठा पडला, बाहेरचं ॲल्युमिनियमचं घर आकसलं आणि माझी दातखीळ बसली. मोटर कण्हायला लागली, रिमोटचा लाल दिवा लुकलुकला आणि सगळं ठप्प झालं. दोघांनी मला हळू हळू सोडवलं. सळईची आणि माझी इतकी जवळीक पुन्हा कधी झाली नाही, आणि होऊही नये.

मग डॉक्टरांनी त्यांचं खास हत्यार काढलं. दाढ भरल्यावर डॉक्टर तुम्हाला एक निळा कागद चावायला देतात ना? चावा उंच लागत असेल तिथं निळा डाग पडतो. तोच कागद त्यांनी सळईच्या आणि माझ्या मधे धरला आणि मला दात्यादात्यानं फिरवलं. हात थरथरत होते, पण घाई कोणाला होती? पूर्ण फेरी झाल्यावर दिसलं की एका बाजूच्या थोड्या दात्यांवर डाग गडद आहे. बाकीचे फिके. म्हणजे मी केसभर वाकडा होतो! अहो, जन्मजात असतं ते, प्रत्येकात असतं. त्या उंच दात्यांशी अडकायला नको म्हणून सळई लांब ठेवावी लागत होती आणि उरलेल्या फेरीत फट वाढत होती.

डॉक्टरांनी ते दाते दवाखान्यातल्या पॉलिशच्या पेस्टनं घासले. रोज दुपारी थोडे. वर पुन्हा निळा कागद, पुन्हा घासणं. अखेर सगळीकडे डाग सारखे झाले, तेव्हा त्यांनी तोच कागद मधे ठेवून सळई टेकवली, स्क्रू आवळले आणि कागद अलगद ओढून घेतला. राहिली ती फक्त कागदाएवढी फट. पुदिन्याच्या वासाचा असा गिअर जगात दुसरा नसेल. मी किती ताठ बसलो होतो म्हणून सांगू!

फरक पडला, चांगला पडला. तारा आता इतका पळत नव्हता. पण ती कागदाएवढी फट होतीच, आणि जोडीतले दोघे एकमेकांपासून वेगळे दिसायला तेवढीही चालत नव्हती.

इथं डॉक्टरांनी चूक केली, आणि ती फक्त दातांचे डॉक्टरच करू शकतात. आयुष्यभर ते पेशंटला सांगत आले होते, चावा दोन्ही बाजूंना सारखा हवा. आता त्यांनी ठरवलं की दुर्बिणीचा तोलही दोन्ही बाजूंना सारखा हवा. माउंटच्या एका बाजूला दुर्बीण असते आणि दुसऱ्या बाजूला वजनाची दांडी, तोल सांभाळायला. ते वजन त्यांनी तसूतसूनं सरकवत सरकवत असं बसवलं की फुंकर मारली तर दुर्बीण इकडे जावी, दुसरी फुंकर मारली तर तिकडे. लिफ्टवाल्याला बोलावून दाखवलं. त्यानं टाळ्या वाजवल्या.

आणि मी आत ओरडत होतो, अहो डॉक्टर, मला कुठं टेकायचं ते तरी सांगा! कोणतीच बाजू जड नाही म्हटल्यावर मी फटीच्या मधोमध लोंबकळत राहिलो. ना या आट्याला टेकलेलो, ना त्या. झुळूक आली की इकडे, गेली की तिकडे. पण माझं ऐकतंय कोण? फोटो आधीपेक्षा वाईट येऊ लागले. मधे ढग आले, आठवडा तसाच गेला. ती जोडी दर संध्याकाळी थोडी आधी मावळतीकडे झुकत होती.

एके दिवशी डॉक्टर लॅपटॉप मिटून म्हणाले, "हातही गेले आणि यंत्रही थरथरायला लागलं. दुर्बीण शाळेला देऊन टाकू. मुलं चंद्र तरी बघतील."



दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाई बाहेरून आल्या त्या थेट गच्चीवर. डॉक्टर पाठमोरे बसून लॅपटॉपशी झटत होते. अजून शाळेला फोन केला नव्हता. फरशी दवानं ओली होती. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि खांद्यावरची पर्स वजनाच्या दांडीला अडकवली.

दांडीची, म्हणजे पूर्वेकडची बाजू किंचित जड झाली, आणि मी सळईच्या आट्याला जो टेकलो तो टेकलोच. कसं सांगू काय वाटलं! दिवसभर गर्दीत उभं राहिल्यावर पाठ टेकायला भिंत मिळावी तसं.

डॉक्टरांनी बटण दाबलं. तारा लगेच सरकला. सोडलं, तारा थांबला. उलटं बटण दाबलं, तारा लगेच मागे आला. वारा आला तरी हलला नाही.

"अगं!" डॉक्टर ओरडले. "सुधारला! घासल्याचा गुण आला!"

"बरं झालं बाई," म्हणत बाईंनी पर्स उचलली. "मी खाली जाते, दार उघडं टाकून आलेय."

तारा डुलायला लागला.

"काय केलंस?"

"मी? मी काय केलं? पर्स उचलली नुसती."

"कुठून उचललीस?"

"तुमच्या त्या दांडीवरून."

"दांडीवरून! तो तोल मी किती दिवस खपून साधलाय माहितीय? आणि तू त्याला पर्स लटकवतेस? ती काय खुंटी आहे?"

बाई पायरीवरून परत फिरल्या. "अहो, पण पर्स होती तेव्हाच तारा गप्प बसला होता ना? थांबा, परत लावते. माझ्यावर ओरडायचं तर नीट बघून ओरडा."

पर्स लागली. तारा गप्प. पर्स काढली. तारा डुलला. पुन्हा लावली. गप्प. डॉक्टर तोंड उघडं टाकून बघत राहिले, जसे त्यांचे पेशंट बसायचे. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "एका बाजूनं चावायला हवं गं यानं! एकाच बाजूनं! मी मूर्ख दोन्ही बाजूंनी चावा सारखा करत बसलो." आणि हसायला लागले. "काखेत कळसा म्हणतात, तशी तुझ्या काखेत पर्स!"

"आणि शाळेला?" बाईंनी विचारलं.

"शाळेला वेगळी घेऊन देऊ."

मी तर केव्हापासून हेच सांगत होतो. पण जाऊ द्या, मोठेपणा बाईंना मिळाला याचं मला वाईट वाटलं नाही.

"पण हिच्यात भरलंयस काय एवढं?" डॉक्टरांनी पर्स तोलत विचारलं. "दगड?"

बाईंनी छत्री काढली, गोळ्यांचा डबा काढला, आणि मग तळातून एक पितळी कुलूप काढलं. दवाखान्याचं.

"हे अजून घेऊन फिरतेस?"

"मग कुठं ठेवू?" बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं रोज संध्याकाळी लावलंय. पर्स हलकी लागली की काहीतरी विसरल्यासारखं होतं."

डॉक्टरांनी पर्समधली किल्ली काढली. मग त्यांनी कुलूप उघडलं, वजनाच्या दांडीच्या कडीत अडकवलं आणि दाबलं. खट्. आवाज माझ्यापर्यंत आला. त्यांचा हात थरथरत होता, कुलूप नव्हतं.

त्या संध्याकाळी फोटो आला. डॉक्टरांनी तो मोठा केला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. पिवळा ठिपका, त्याला खेटून निळा, आणि मधे काळी रेघ. बारीक, पण होती.

"अगं बघ, दोन आहेत! दोन!"

"आधीपासून दोनच होते की," बाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे टिपले.

आता ते तारे एकमेकांत मिसळलेत. आमच्या दुर्बिणीला एकच ठिपका दिसतो. तरी डॉक्टर येतात, बाई खुर्ची घेऊन बसतात, आणि डॉक्टर त्या ठिपक्यावर दुर्बीण लावून मला चालू करतात. तो मधोमध राहतो, हलत नाही. डॉक्टर येईल त्याला सांगतात, "आमचा गिअर बघा. असा गिअर नाही मिळायचा." लिफ्टवालाही आता मान डोलावतो. मी काही बोलत नाही. कशाला बोलू?

ती जोडी पुन्हा वेगळी होईल तेव्हा डॉक्टर नसतील, बाई नसतील. मी असेन. ब्राँझला काय होतंय! तेव्हा या गच्चीवर जो कोणी असेल, त्याला माझं एवढंच सांगणं आहे. मला थोडं तेल दे. दात्यांत कागदाएवढी फट राहू दे, ती मिटवायच्या नादाला लागू नकोस. आणि दांडीला एक जुनं पितळी कुलूप दिसेल, त्याची किल्ली कोणाकडेच नसेल. बाबा रे, ते भंगार समजून कापू नकोस. तारा डोक्यावरून पलीकडे गेला की दुर्बीण पूर्वेला येते, दांडी पश्चिमेला, आणि जड तर पूर्वेचीच बाजू हवी, तेव्हा दुर्बिणीच्या बाजूला तुझी पिशवी लटकव, कुलपाहून थोडी जड. पण ते कुलूप आहे तिथं राहू दे. त्याच्या जोरावर मी टेकलोय.